‘वेगळी इमारत कशाला?’ : अमेरिकी विद्यापीठांतल्या ब्लॅक कल्चरल सेंटरबद्दल

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी यंदा इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात एमएस करायला गेली. कॅम्पसच्या नकाशावर तिला ‘ब्लॅक कल्चरल सेंटर’ नावाची इमारत दिसली. ताई विचारतात: एवढ्या पुढारलेल्या देशात एका वर्णाच्या मुलांसाठी वेगळी इमारत कशाला? त्यानं फूट नाही का पडत? आत नेमकं चालतं काय? ही केंद्रं आता बंद होतायत म्हणे, ते खरं का? आणि आपल्या मुलीनं तिथं जावं का?

मी मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात विद्यार्थी-कल्याण विभागात बरीच वर्षं काम केलं आणि तिथल्या अशाच केंद्राच्या सल्लागार समितीवर होते. पर्ड्यूत मी नोकरी केलेली नाही, पण या क्षेत्रात काम करणाऱ्याला पर्ड्यूचं केंद्र माहीत नाही असं सहसा होत नाही. त्यामुळे उत्तर तिथूनच सुरू करते.

वेगळेपणाची सुरुवात त्या इमारतीनं झालेली नाही. १९४० च्या दशकापर्यंत पर्ड्यूत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वर्गात प्रवेश होता, वसतिगृहात नव्हता. वॉबॅश नदीच्या एका काठाला विद्यापीठाचं वेस्ट लाफायेत आणि पलीकडे लाफायेत. ही मुलं पलीकडे खोल्या घेऊन राहायची आणि रोज पूल ओलांडून वर्गात यायची. १९४६ मध्ये विनिफ्रेड आणि फ्रीडा पार्कर या बहिणींनी प्रवेश घेतला तेव्हा त्यांनाही वसतिगृह नाकारलं गेलं. घरच्यांनी थेट गव्हर्नरपर्यंत दाद मागितली, तेव्हा कुठे १९४७ मध्ये त्यांना खोली मिळाली. आज दोन वसतिगृहांना या दोघींची नावं आहेत, पण ती दिली गेली २०२१ मध्ये. तुमची मुलगी त्यांच्यावरून जात असेल, तर पाटी वाचायला सांगा.

मग आलं १९६८. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि मे महिन्यात पर्ड्यूतले शंभराहून अधिक कृष्णवर्णीय विद्यार्थी प्रशासकीय इमारतीकडे निघाले. प्रत्येकाच्या हातात एक वीट होती. काचा फुटल्या नाहीत, दगडफेक झाली नाही. एकामागून एकानं जाऊन आपापली वीट पायऱ्यांवर ठेवली. सोबत एक फलक होता, त्याचा अर्थ असा की नाहीतर पुढच्या वेळी आग. मागण्या लेखी दिल्या होत्या: कृष्णवर्णीय प्राध्यापक नेमा, आमचा इतिहास शिकवा. त्याच वर्षी हेलन बास विल्यम्स या पहिल्या कृष्णवर्णीय प्राध्यापक तिथं रुजू झाल्या आणि १९६९ हे त्या केंद्राचं स्थापनावर्ष. म्हणजे कुणा कुलगुरूला एके दिवशी विविधतेचा साक्षात्कार झाला आणि त्यानं फीत कापली, असं ते प्रकरण नाही. शिवाय केंद्र मिळालं ते एका जुन्या घरात. खास त्यासाठी बांधलेली आजची इमारत उभी राहिली १९९९ मध्ये, तीस वर्षांनी.

थोड्याफार फरकानं हीच गोष्ट सगळीकडे आहे. आयोवा विद्यापीठात केंद्र १९६८ मध्ये आलं, येल आणि इलिनॉयमध्ये १९६९ मध्ये. येलची मुलं त्याला नुसतं ‘हाउस’ म्हणतात. त्या दोन वर्षांत मोठ्या, गोऱ्यांचं प्राबल्य असलेल्या विद्यापीठांनी कृष्णवर्णीय मुलांना पहिल्यांदाच मोठ्या संख्येनं प्रवेश दिले. प्रवेश दिले, पण पुढची तयारी कुणी केली नव्हती. जेवणापासून ग्रंथालयापर्यंत काहीच या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून उभं केलेलं नव्हतं. मुलांनी ते मागून घेतलं.

नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपल हिल कॅम्पसवर हा झगडा फार लांबला. तिथं १९८८ मध्ये विद्यार्थी संघाच्या इमारतीत एक छोटी जागा मिळाली होती. सोन्या हेन्स स्टोन या प्राध्यापिका त्या चळवळीचा आधार होत्या. १९९१ मध्ये त्या अचानक गेल्या आणि स्वतंत्र इमारत त्यांच्या नावानं हवी ही मागणी पेटली. १९९२ मध्ये मोर्चे निघाले, विद्यापीठाच्या फुटबॉल संघातले खेळाडू पुढे झाले, दिग्दर्शक स्पाइक ली भाषणाला येऊन गेले. कुलगुरूंचा आक्षेप ताईंच्या प्रश्नासारखाच होता: स्वतंत्र इमारत म्हणजे किल्ला होईल, आपल्याला सगळ्यांचा मंच हवा. शेवटी मान्यता मिळाली, पण पैसा देणग्यांतून उभा करावा लागला आणि दार उघडलं २००४ मध्ये. पहिल्या मोर्चातली मुलं तोवर तिशी ओलांडून गेली होती.

इथं मला माझ्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण सांगायचंय. विद्यापीठात विद्यार्थी चार वर्षं असतो, कारकून तीस वर्षं असतो. प्रशासनाला एखादी मागणी मान्य करायची नसेल तर नकार द्यावाच लागत नाही. समिती नेमायची, अहवाल मागवायचा, उन्हाळ्याची सुट्टी येऊ द्यायची. बोलकी पोरं पदवी घेऊन जातात आणि पुढची बॅच शून्यापासून सुरू करते. केंद्राचं पहिलं काम म्हणजे ही चाल हाणून पाडणं. तिथं पगारी संचालक असतो, फायली असतात, जुने फोटो आणि जुनी निवेदनं असतात. मागच्या वेळी काय कबूल केलं होतं, कुणाच्या सहीनं, आणि त्याचं पुढे काय झालं, हे सांगणारा एक माणूस कॅम्पसवर टिकून राहतो. केंद्राकडे बाहेरून बघणाऱ्याला नाचगाणी दिसतात. प्रशासनाला खरी अडचण होते ती या दप्तराची.

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन कॅम्पसवर उलटा प्रयोग होऊन गेला. तिथलं केंद्र १९७३ मध्ये बंद झालं आणि पुन्हा उघडलं २०१७ मध्ये. मधल्या चाळीसेक वर्षांत विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या येऊन गेल्या आणि आपल्या आधी इथं असं काही होतं याचा बहुतेकांना पत्ताच नसणार. एकदा कुलूप लागलं की ते उघडायला किती काळ लागतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

आता आत काय चालतं ते. लोकांना वाटतं फेब्रुवारी हा ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’ म्हणजे तोच केंद्राचा हंगाम. फेब्रुवारीत गर्दी असते हे खरं, पण मला विचाराल तर केंद्राची परीक्षा ऑक्टोबरातल्या कुठल्यातरी मंगळवारी दुपारी तीनला घ्यावी. मिडटर्म सुरू असतात. दाराशी कामावर असलेला विद्यार्थी येणाऱ्याचं नाव घेऊन विचारतो, पेपर कसा गेला. एका कोपऱ्यात प्रिंटर, जो फुकट आहे आणि म्हणून कायम रांगेत. सोफ्यावर कुणीतरी चक्क झोपलेलं असतं. माझ्या मते झोपलेला विद्यार्थी हे केंद्र चांगलं चालल्याचं लक्षण आहे. चाळीस हजारांच्या कॅम्पसवर, जिथं अख्ख्या वर्गात आपल्यासारखं दिसणारं आपण एकटेच, तिथं माणूस दिवसभर सावध बसलेला असतो. इथं तो अंग सैल सोडतो.

एवढ्यात एक मुलगी आत येते. दुसऱ्या वर्षाला आहे, वडील नाहीत, आई दोन नोकऱ्या करते. (ही एक मुलगी नव्हे, अशा अनेकींची मी एक केलीय.) तिच्या खात्यावर होल्ड लागलाय. होल्ड म्हणजे विद्यापीठाचं काही देणं थकलं की पुढच्या सत्राची विषयनोंदणी अडते. रक्कम असते तीनचारशे डॉलर, कधी त्याहून कमी. कार्यालयानं तिला सांगितलंय की पैसे भरा, मग बोला. ती नोंदणीच्या तारखेला मुकली की हवे ते विषय भरून जातात, विषय हुकले की पदवी सत्रभर लांबते, आणि लांबलेल्या सत्राची फी कुठून आणायची? अशी पोरं नापास होऊन जात नाहीत, हिशोबात अडकून जातात. केंद्रातल्या अनुभवी माणसाला माहीत असतं की लेखा विभागात नेमक्या कोणत्या बाईंना फोन केला तर होल्ड दहा दिवसांसाठी उठतो, तातडीचा निधी कोणत्या खात्यात पडून आहे आणि त्याचा अर्ज एका पानाचा आहे. अर्धा तास जातो. मुलगी नोंदणी करून प्रिंटरच्या रांगेत उभी राहते. वार्षिक अहवालात या अर्ध्या तासाची नोंद कुठंच होत नाही, कारण अहवालात विचारतात कार्यक्रम किती झाले आणि उपस्थिती किती.

हे काम सल्लागार कार्यालयात होऊ शकत नाही का? कागदोपत्री होऊ शकतं. पण तिथं जायला आधी ‘मला मदत हवीय’ हे कबूल करावं लागतं. केंद्रात ती मुलगी रोजच येते, त्यामुळे चेहरा उतरलेला कुणाच्या तरी लक्षात येतो. सगळा फरक तिथंच आहे.

संस्कृतीचं म्हणाल तर पर्ड्यूचं केंद्र त्या बाबतीत दांडगं आहे. गॉस्पेल म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं गाणारा ‘ब्लॅक व्हॉइसेस ऑफ इन्स्पिरेशन’, ‘जहारी’ नावाचा नृत्यसंघ, ‘हराका रायटर्स’ हा लिहिणाऱ्यांचा गट, ‘न्यू डायरेक्शनल प्लेयर्स’ हा नाट्यसंघ, असे त्यांचे स्वतःचे संघ आहेत. त्यांची एक पद्धत मला फार आवडते. हे कलाकार विद्यार्थी अभ्यासदौऱ्यावर जातात, एखाद्या शहराचा वा प्रदेशाचा इतिहास तिथं जाऊन बघतात आणि परतल्यावर त्यातून कार्यक्रम बसवतात. गाणाऱ्यांतली आणि नाचणाऱ्यांतली बरीच पोरं इंजिनिअरिंगची असतात. (राष्ट्रीय पातळीवरची कृष्णवर्णीय अभियंत्यांची विद्यार्थी संघटना, एनएसबीई, १९७५ मध्ये पर्ड्यूतच जन्मली. तुमची मुलगी इंजिनिअरिंगला असेल तर हे नाव तिच्या कानावर पडेलच.) शेजारच्या इंडियाना विद्यापीठानं आणखी पुढचं पाऊल टाकलं. तिथल्या नील-मार्शल केंद्राच्या इमारतीत ‘सोल रिव्ह्यू’ हा १९७१ पासूनचा संगीतसंघ तालीम करतो आणि त्यात वाजवण्यागाण्याचे रीतसर क्रेडिट मिळतात. म्हणजे हौस म्हणून बाजूला काढलेली गोष्ट गुणपत्रिकेत आली. त्या केंद्राचं नाव मार्सेलस नील आणि फ्रान्सिस मार्शल यांच्यावरून. नील १८९५ मध्ये तिथून पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय पुरुष, मार्शल १९१९ मधली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. दोन पदव्यांमधलं अंतर चोवीस वर्षांचं.

नावावरून मिझुरी आठवतं. तिथल्या केंद्राच्या नावात लॉइड गेन्स आहेत. १९३६ मध्ये मिझुरी विद्यापीठाच्या विधी शाखेनं त्यांना केवळ वर्णामुळे प्रवेश नाकारला. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९३८ मध्ये खटला जिंकले. मार्च १९३९ मध्ये शिकागोत एका संध्याकाळी बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. काय झालं ते आजवर उघड झालेलं नाही. विद्यापीठानं पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी घेतला तो १९५० मध्ये. अशा नावाच्या केंद्रासमोर फेब्रुवारी २०१० मधल्या एका रात्री दोन विद्यार्थ्यांनी कापसाचे बोळे पसरून ठेवले. कापूस म्हणजे काय हे तिथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही, गुलामांच्या कित्येक पिढ्या तो वेचण्यात गेल्या. दोघांना पकडलं, आणि गुन्हा अखेर सिद्ध झाला तो कचरा टाकण्याचा. पाच वर्षांनी, २०१५ च्या शरद सत्रात, त्याच कॅम्पसवर मोठं आंदोलन झालं. विद्यार्थ्यांनी गटाचं नाव ठेवलं होतं ‘कन्सर्न्ड स्टुडंट १९५०’. फुटबॉल संघातल्या कृष्णवर्णीय खेळाडूंनी खेळणार नाही म्हणून सांगितलं आणि दोनतीन दिवसांत विद्यापीठ व्यवस्थेच्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला. गटाच्या नावातला तो सन बघा. १९५० हा आकडा २०१५ च्या पोरांच्या तोंडी होता, कारण तो कुणीतरी त्यांच्यापर्यंत पोचवला होता.

फुटीच्या प्रश्नाकडे येते. कॅम्पसवरची बाकीची सगळी जागा ‘सगळ्यांची’ असते हे मला कधी पटलेलं नाही. कुठल्याही जुन्या विद्यापीठात भिंतीवरची तैलचित्रं कुणाची आहेत, इमारतींना नावं कुणाची आहेत, खानावळीत रोज शिजतं काय, यावरून ती जागा कुणाला गृहीत धरून बांधलीय ते कळतं. उरलेल्यांनी त्यात मुकाट्यानं सामावून जायचं, याला आपण एकोपा म्हणतो. माझ्या पाहण्यात तरी केंद्रात नियमित येणारी मुलं विद्यार्थी परिषदेत, प्रयोगशाळेत, वसतिगृहाच्या कारभारात जास्त दिसली, कमी नाही. पाय टेकायला जागा असली की माणूस बाहेर उडी मारायला धजतो.

पण टीका पूर्णपणे उडवून लावण्यासारखी नाही, आणि खरी टीका बाहेरून न येता आतून येते. नायजेरियातून आलेल्या डॉक्टर दांपत्याची मुलगी, जमैकन आईबापांचा मुलगा आणि मिसिसिपीतल्या गुलामांचा पणतू, या तिघांना एका ‘ब्लॅक’ शब्दाखाली बसवलं तरी त्यांचं जेवण वेगळं, घरची बोली वेगळी, आणि अमेरिकेनं दिलेल्या जखमाही वेगळ्या. केंद्र यांतल्या एकाच प्रकारच्या मुलांचं होऊन बसलं की बाकीची हळूच गळतात. खेळाडूंचं आणखी निराळं. त्यांचा दिवस सरावाच्या वेळापत्रकात एवढा बांधलेला असतो की त्यांची पावलं केंद्राकडे क्वचित वळतात. चांगला संचालक या गळतीवर लक्ष ठेवून असतो. बरेच ठेवत नाहीत.

दुसरा दोष प्रशासनाचा. एकदा केंद्र झालं की कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा कुठलाही प्रश्न ‘तिकडे पाठवा’. प्राध्यापक वर्गात काहीतरी बोलला, वसतिगृहाच्या दारावर कुणी शिवी लिहिली, आर्थिक मदत कार्यालयानं चूक केली, सगळं केंद्राच्या तीन माणसांच्या गळ्यात. माहितीपत्रकासाठी फोटो काढायचे तरी तिथंच. त्यामुळे माहितीपत्रक बघून केंद्राची किंमत करू नये. मी तीन गोष्टी विचारते: संचालकाचा पगार विद्यापीठाच्या कायम अंदाजपत्रकातून येतो की दरवर्षी मागावा लागतो, संचालक थेट उपकुलगुरूच्या हाताखाली आहे की चार पायऱ्या खाली, आणि केंद्राचं दार रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं. भिंतीवरचं भित्तिचित्र कितीही देखणं असो, दार पाचला बंद होत असेल तर ते कार्यालय आहे.

आणि हाच फरक आपल्या मराठी मंडळात किंवा इंडियन स्टुडंट असोसिएशनमध्ये आणि या केंद्रात आहे. मंडळ वर्गणीवर चालतं, कार्यकारिणी दरवर्षी बदलते, गणपती-दिवाळी झाली की काम संपलं. त्यात वाईट काही नाही, पण मुलीचा होल्ड मंडळ उठवू शकत नाही.

बंद होण्याबद्दल ऐकलंत ते खरं आहे, पण सरसकट नाही. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या खटल्यात प्रवेशासाठी वंश विचारात घेण्याची पद्धत मोडीत काढली. निकाल प्रवेशापुरता होता, पण वारं फिरलं. टेक्ससमध्ये १ जानेवारी २०२४ पासून सरकारी विद्यापीठांतल्या विविधता-विभागांवर बंदी घालणारा नवा कायदा लागू झाला आणि ऑस्टिनच्या विद्यापीठानं आपलं बहुसांस्कृतिक केंद्र बंद केलं. युटामध्ये १ जुलै २०२४ पासून तसाच कायदा आला आणि युटा विद्यापीठातलं, जेमतेम २०१९ मध्ये उघडलेलं ब्लॅक कल्चरल सेंटर गेलं. त्याच वर्षी अलाबामा विद्यापीठात ब्लॅक स्टुडंट युनियनला आपली कचेरी सोडावी लागली. संघटना राहिली, खोली गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्यानं देशभरच्या विद्यापीठांना, वंश बघून उपक्रम चालवलेत तर निधी रोखू, असा इशारा देणारं पत्र धाडलं, ते पुढे न्यायालयांनी अडवलं. पण पत्राचा धाक न्यायालयाच्या आदेशापेक्षा लवकर पसरतो. काही विद्यापीठांनी कायदा नसतानाही पाट्या बदलल्या. यातली गंमत अशी की ही केंद्रं कायद्यानं सगळ्यांना खुलीच होती आणि आहेत. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या विद्यापीठाला वर्ण बघून कुणाला दारातून परत पाठवता येत नाही.

म्हणजे तुमच्या मुलीलाही नाही. तिनं जरूर जावं. स्पष्ट बोलते, राग मानू नका. इकडे येणाऱ्या मुलांना घरून मिळणाऱ्या सूचनांत ‘काळ्यांपासून जरा जपून’ ही एक हमखास असते. आपली कितीतरी पोरं दोन वर्षं शिकून जातात आणि एकाही कृष्णवर्णीय सहाध्यायाशी त्यांचं अभ्यासापलीकडे बोलणं झालेलं नसतं. आणि हे महाराष्ट्रातल्या माणसाच्या बाबतीत तर फारच विचित्र. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपला गुलामगिरीवरचा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. दलितांनाही तोच मार्ग चोखाळता येईल का, हे त्यांना बघायचं होतं. ते पत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट कॅम्पसवर, ड्यू बॉइस यांच्या कागदपत्रांत आहे आणि इंटरनेटवर कुणालाही वाचता येतं. १९७२ मध्ये मुंबईच्या तरुणांनी आपल्या संघटनेचं नाव कुठून घेतलं, ते सांगायला नकोच.

जाण्याची रीत तेवढी सांभाळावी. पहिल्याच दिवशी ‘तुमच्या समाजाबद्दल सांगा’ म्हणून वही उघडून बसू नये, ती मुलं तिथं कुणाची शिकवणी घ्यायला आलेली नसतात. केसांना हात लावू नये, ‘हे खरे आहेत का’ असं विचारू नये. त्यांच्या खास बैठका असतील तर तेव्हा जागा मोकळी करून द्यावी. पर्ड्यूच्या केंद्रात स्वतःचं ग्रंथालय आहे, तिथं बसून आपला अभ्यास करावा, दुपारी गर्दी कमी असते. संघांचे कार्यक्रम जाहीर असतात, ते बघावेत. थिसिसच्या धावपळीत वेळ मिळणार नाही असं ती म्हणेल, म्हणून पहिल्या सत्रातच एक तारीख धरायला सांगा.